दुपारच्या ड्यूटीतली घंटा

नादगुरूंनी हात वर केला आणि सगळा कॉरिडॉर गप्प झाला. एरवी आमच्या वृद्धनिवासात शांतता करणं कुणाच्या बापाला जमत नाही. ज्यांना ऐकू येतं ते बोलत असतात आणि ज्यांना येत नाही ते ओरडत असतात. पण त्या दिवशी सिस्टरांच्या टेबलाभोवती निवासातले सगळे आजी-आजोबा, त्यांना भेटायला आलेली मुलं-सुना आणि स्वयंपाकघरातल्या बायका श्वास रोखून उभ्या होत्या. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जांभळी वर्तुळं फिरत होती आणि त्यातून एक लांबलचक आवाज घुमत होता, रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणीतरी 'हूंऽऽ' करत असल्यासारखा. हा 'अखंड नाद'. तो इंटरनेटवरून थेट नादगुरूंच्या केंद्रातून येत होता.

"आता टोकाच्या खोलीतली घंटा दाबा," नादगुरू म्हणाले.

कुणीतरी टोकाच्या खोलीत जाऊन पलंगाशेजारचं बटण दाबलं. "दाबलं" असं ओरडून सांगेपर्यंत टेबलावर घंटा वाजलीसुद्धा. दुसऱ्या खोलीतून दाबलं, तिसऱ्या खोलीतून दाबलं. दर वेळी लगेच वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजींनी तर डोळ्याला पदर लावला, आणि नादगुरूंच्या चेहऱ्यावर क्षणभर जो भाव येऊन गेला तो फक्त मी पाहिला. सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं होतं.

मी चाकाच्या खुर्चीत भिंतीला टेकून बसले होते. मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून इथेही सगळे मला 'बाई' म्हणतात, आणि चमत्कार हा शब्द कानावर आला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्या दिवशी मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. घंटा खरोखर वाजली होती. हातचलाखी असती तर मी तिथल्या तिथे पकडली असती. हा माणूस खोटा होता आणि त्याचा प्रयोग मात्र खरा ठरला होता, याचं काय करायचं ते मला कळेना.

आमच्याकडे प्रत्येक पलंगाजवळ आणि न्हाणीघरात एकेक बटण आहे. पडलं-झडलं, श्वास लागला, की ते दाबायचं. हाक वायफायवरून टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत जाते आणि तिथे घंटा वाजते. जुना कॉम्प्युटर मोडून नवा आला तेव्हापासून ही घंटा लहरी झाली होती. कधी बोट टेकायचा अवकाश, की वाजे. कधी दाबून दाबून अंगठा दुखला तरी मुकी राही, आणि माणूस नाद सोडून देई तेव्हा एकदम खणखणत सुटे. विचित्र गोष्ट अशी, की सकाळी थोरल्या सिस्टरांच्या ड्यूटीत ती कधी चुकत नसे. रात्री ब्रदरच्या ड्यूटीतही नाही. दुपारी धाकट्या सिस्टर टेबलाचा ताबा घेत आणि घंटेला मरगळ येई.

एकदा झालं असतं तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून मी सोडून दिलं असतं. पण फांदी रोज दुपारी तुटत होती. अशा वेळी लोक फांदी तपासत नाहीत, कावळ्याचा पायगुण काढतात. त्यातच पोस्टमन आजोबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचा हात मोडला. घंटा वाजली तोवर धाकट्या सिस्टरांनी त्यांना उचलून पलंगावर आणलंही होतं. त्या खोल्याखोल्यांतून फिरत होत्या म्हणून त्यांनीच पाहिलं. तरीही बोल त्यांनाच लागला. थोरल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेत नाही, पण माझ्या ड्यूटीला असं होत नाही." नाव न घेता माणूस संपवायचा असेल तर असं बोलावं.

पोस्टमन आजोबांच्या सुनेने नादगुरूंना आणलं. ते पांढऱ्या कोटात आले, कॉम्प्युटरवरून हात फिरवला, डोळे मिटले आणि सुरू झाले. प्रत्येक माणसातून लहरी निघतात. काहींच्या लहरी देणाऱ्या असतात, काहींच्या शोषणाऱ्या. यंत्रालाही मन असतं, ते शोषक माणसापुढे घुसमटतं. हे सगळं क्वांटम पातळीवर घडतं. क्वांटम शब्द ऐकला आणि माझा हात सवयीने खडू शोधू लागला. मी विचारलं, लहरीची लांबी किती?

"बाई, जी मोजता येते ती खरी लहर नव्हे," ते गोड हसून म्हणाले.

"मग ती घंटेला उशीर करते हे कुठल्या फूटपट्टीने मोजलंत?"

लोकांनी मला गप्प केलं. म्हातारीला काय कळतंय, असं एक सूनबाई पुटपुटल्या. त्या माझ्याच हाताखालून नापास होऊन गेल्या असत्या तर मला नवल वाटलं नसतं. नादगुरूंनी निकाल दिला: अखंड नाद चालू राहू द्या, आणि शोषक व्यक्तीला येत्या रविवारी वास्तूबाहेर काढा. आज मी तिच्या लहरी बांधून ठेवल्या आहेत, पण हे कायमचं नाही. त्यांनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. सगळ्यांच्या माना आपोआप धाकट्या सिस्टरांकडे वळल्या. त्या औषधांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या.

आमचे व्यवस्थापक म्हणजे बचतराव. नाव आम्ही ठेवलेलं. प्रत्येक बटणाशेजारी 'वीज वाचवा' ही चिठ्ठी त्यांनीच चिकटवली आहे, आणि आमच्या डोक्यावरचा पंखा आम्ही खाली असताना बंद करण्यात त्यांचा हातखंडा आहे. त्यांना घंटा वाजायला हवी होती, पण दिवसभर जांभळी वर्तुळं फिरवणारा कॉम्प्युटर पाहून त्यांचा जीव तीळ तीळ तुटत होता. नादगुरूंनी त्यावरही उपाय काढला. त्यांनी 'नादपेटी' दिली. म्हणजे डब्याएवढा स्पीकर, त्यात तोच आवाज भरलेला. ती टेबलावर ठेवली, कॉम्प्युटरवरचा नाद बंद केला, आणि बचतराव समाधानाने आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीतल्या आक्कांना श्वास लागला.

आक्कांचं हृदय थकलेलं आहे. त्या एकाएकी उठून बसल्या, दोन्ही हात गादीवर रोवले, तोंड उघडं आणि डोळे माझ्याकडे. त्यांनी बटण दाबलं. मीही माझं दाबलं. बाहेर नादपेटी 'हूंऽऽ' करत होती, आणि घंटा नाही. मी माझ्या नकळत पाढा म्हणायला लागले. वर्गात घड्याळ नसताना प्रयोगाचा वेळ मी पाढ्यावर मोजत असे, तीच सवय. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. आक्कांचे ओठ काळे पडत चालले. मी ओरडले, पण माझा आवाज त्या पिंपातल्या आवाजात बुडून गेला. खुब्याचं हाड मोडल्यापासून मला आधाराशिवाय उभं राहता येत नाही. मी पलंगाच्या कडेला बसून हाताशी असलेला स्टीलचा तांब्या दाराबाहेर भिरकावला.

तांब्याचा आवाज पोचला. धाकट्या सिस्टर समोरच्या दालनातून धावत आल्या. आक्कांच्या पाठीशी उशा रचल्या, ऑक्सिजन लावला, एका हाताने डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या हाताने आक्कांचा हात धरून ठेवला. "माझ्याबरोबर श्वास घ्या, घाई नको, मी इथेच आहे," असं त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. हळूहळू आक्कांच्या नखांना रंग आला. सगळं आटोपल्यावर, डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं औषधही देऊन झाल्यावर, टेबलावर घंटा वाजली. मोठ्या डौलात वाजली. मला रागाने रडू आलं.

बचतराव आले तेव्हा त्यांनी आक्कांची चौकशी केली आणि मग सिस्टरांना म्हणाले, "परत तुमच्याच ड्यूटीत. नाद चालू असून." नादगुरूंना त्यांनी फोन करून विचारलंही होतं. उत्तर तयारच होतं: पेटीतला नाद ती व्यक्ती ओढून घेते आहे. रविवारपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. तेव्हा उद्याचा दिवस शेवटचा, असं ठरलं. सिस्टरांनी जमिनीवर पडलेला तांब्या उचलला, पुसला आणि माझ्या हाताशी ठेवला.

मी डोळे मिटून पडून राहिले, पण झोपले नाही. नाद तोच, सिस्टर त्याच, घंटा तीच. पहिल्या दिवशी सिस्टर टेबलापासून हाताच्या अंतरावर उभ्या होत्या तरी घंटा वाजली. आज त्या तिथे नव्हत्या तरी वाजली नाही. मग बदललं काय? फक्त एक गोष्ट. तेव्हा नाद कॉम्प्युटरमधून येत होता आणि आज पेटीतून. नादात गुण असता तर तो पेटीतूनही लागू पडला असता. म्हणजे गुण नादात नव्हता, कॉम्प्युटर काहीतरी करत राहण्यात होता.

आक्कांना डोळा लागल्यावर मी सिस्टरांना जवळ बसवलं आणि विचारलं, ड्यूटीवर असताना तुम्ही कॉम्प्युटरवर काय करता?

"काहीच नाही हो बाई. बसायला सवड कुठे असते?"

आणि थोरल्या सिस्टर? हे सांगायला धाकट्या सिस्टरांनी जरा आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, त्या मालिका लावतात, एकामागून एक. ब्रदर रात्रभर सिनेमे बघतो. मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. जे खुर्चीला चिकटून करमणूक करत बसले त्यांच्या ड्यूटीत घंटा शहाणी, आणि जी बाई पायाला भिंगरी लावून आजाऱ्यांमागे फिरते तिच्या ड्यूटीत मुकी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझी भाची एका मोठ्या कार्यालयात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळते. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, त्याचं नेटवर्कचं कार्ड झोपत असणार. वीज वाचवायला. मी येते आणि पाच मिनिटांत नीट करून देते."

मी म्हटलं, खबरदार. तू चुपचाप नीट करून गेलीस तर घंटा वाजेल, पण श्रेय पेटीला जाईल आणि कलंक ह्या पोरीच्या कपाळावर राहील. तू ये, पण आधी मी प्रयोग करणार. सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गर्दी जमली. नादगुरू वास्तू शुद्ध करायला आले होते. धाकट्या सिस्टरांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी माझी खुर्ची टेबलासमोर आडवी लावली आणि म्हटलं, तिला घालवायच्या आधी मला दोन वेळा घंटा दाबून बघू द्या. बचतराव नाही म्हणायच्या बेतात होते. पण पोस्टमन आजोबा गळ्यात अडकवलेला हात सांभाळत पुढे आले.

"हात माझा मोडलाय. बघायचं की नाही ते मी ठरवणार," ते म्हणाले.

मग काय बोलणार? बटण त्यांनीच दाबायचं ठरलं, त्यांच्या खोलीतून. ते माझ्या बाजूचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा लबाडीचा आळ यायला नको. वेळ मोजायला सगळ्यांनी मिळून बाराचा पाढा म्हणायचा. आणि दर वेळी आधी थोडा वेळ नुसतं थांबायचं, कुणी कॉम्प्युटरला बोट लावायचं नाही.

पहिला प्रयोग. धाकट्या सिस्टरांना मी फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. टेबलाशी थोरल्या सिस्टरांना बसवलं, हात मांडीवर, मालिका बंद. नादपेटी पूर्ण आवाजात. आम्ही थांबलो. आतून आजोबांचा आवाज आला, "दाबली." म्हातारे आवाज एका सुरात उठले, बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. घंटा नाही. थोरल्या सिस्टर पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. बारा दाहे वीसाशे झालं. आम्ही तेराचा पाढा सुरू केला, तेव्हा कुठे घंटा वाजली. गर्दीत कुजबुज झाली.

"तिच्या लहरी अजून भिंतींत आहेत," नादगुरू म्हणाले. काही माना हलल्या. काही हलल्या नाहीत.

दुसरा प्रयोग. पेटी बंद. धाकट्या सिस्टरांना बोलावून टेबलाशी बसवलं. भाचीने कॉम्प्युटरवर एक व्हिडिओ लावला, त्यात एक माणूस भिंत रंगवत होता. आवाज पूर्ण बंद. आम्ही थांबलो. सिस्टरांनी ओठ दातांखाली धरले होते. "दाबली." बारा एके बारा. मी घंटेची वाट बघत होते. बारा त्रिक छत्तीस. घंटा नाही. बारा साती चौऱ्याऐंशी. बाराचा पाढा संपला, भिंत रंगवणारा रंगवत राहिला आणि घंटा मुकीच.

नादगुरू हसले. फार नाही, जेवढं पुरेल तेवढंच. पोस्टमन आजोबांची सून म्हणाली, आता तरी पटलं का? बचतराव सिस्टरांच्या पिशवीकडे निघाले. सिस्टर खुर्चीतून उठू लागल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना अन्याय झाल्यासारखं वाटत नव्हतं. त्यांना ते पटलं होतं.

मी भाचीकडे पाहिलं. ती पडद्यावर वाकली होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, व्हिडिओ छोटा होता. आपण थांबलो तेवढ्यात तो सगळा आत उतरला. आता कॉम्प्युटर बाहेरून काहीच मागत नाहीये. घरातलंच खातोय."

चूक माझी होती. मांडणी कच्ची राहिली होती. मी तसं मोठ्याने सांगितलं आणि आणखी एक संधी मागितली.

"अशा किती संधी घेणार, बाई?" नादगुरूंनी विचारलं.

"तुम्हाला रविवारपर्यंत वेळ हवा होता, तो कुणी मोजला नाही. मला एक पाढा द्या."

पोस्टमन आजोबा आतून ओरडले की त्यांचा डावा अंगठा अजून शाबूत आहे. लोक हसले, आणि हसल्यामुळे थांबले.

भाचीने आता असं काही लावलं की जे संपतच नाही. कुठल्याशा डोंगरावर बसवलेला कॅमेरा, तिथलं चित्र त्याच क्षणी इथे दिसत होतं. चित्र म्हणजे धुकं. नुसतं पांढरं धुकं. आवाज नाही, माणूस नाही, वर्तुळं नाहीत. आम्ही थांबलो, या वेळी जास्तच थांबलो. सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या.

"दाबली."

"बारा ए—"

घंटा वाजली. 'एके'सुद्धा पुरं झालं नाही. आजोबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. मग त्यांनी काही न सांगता, मध्ये बराच वेळ जाऊ देऊन दाबलं, तरी वाजली. ते स्वतः दारात आले, पडद्यावरच्या धुक्याकडे बघत राहिले आणि सुनेला म्हणाले, "इथे तर कुणीच हूं हूं करत नाहीये."

मग भाचीने सांगितलं, आणि तिने मास्तरकी न करता सांगितलं. कॉम्प्युटरच्या आत एक छोटं कार्ड असतं. बाहेरची प्रत्येक हाक त्या कार्डातूनच आत येते, म्हणजे तो दारावरचा माणूस. त्याला एक सेटिंग असतं: काम नसेल तर झोप, तेवढीच वीज वाचेल. मालिका चालू असली, सिनेमा चालू असला, अखंड नाद चालू असला, की सारखी ये-जा असते आणि त्याला झोपायला मिळत नाही. ये-जा थांबली की तो डुलकी घेतो. तुमचं बटण दार ठोठावत राहतं, पुन्हा पुन्हा ठोठावतं, आणि याचा डोळा उघडेल तेव्हा घंटा वाजते. नादगुरूंचा नाद पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर लावला होता म्हणून तो जागा राहिला. पेटीतला नाद त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. तिने माउस घेऊन दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि एका चौकोनातली बरोबरची खूण सगळ्यांना दाखवली. शेजारी लिहिलं होतं, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी द्या. तिने ती खूण काढली. वीज वाचवण्याचं आणखी एक सेटिंग होतं, तेही बदललं. मग धुकं बंद केलं, सगळं बंद केलं.

आता कॉम्प्युटर नुसता बसला होता. नादपेटी खणात होती. टेबलाशी धाकट्या सिस्टर, एकट्या. कुणी पाढ्याची वाट बघितली नाही. आजोबांनी दाबलं आणि घंटा वाजली. त्यांनी न्हाणीघरातून दाबलं, जिथे ते पडले होते तिथून, आणि घंटा वाजली.

"हे असं कुणी करून ठेवलं होतं?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

बचतराव म्हणाले, मीच. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जिथे जिथे वीजबचत लिहिलं होतं तिथे तिथे मी हो म्हटलं. त्यात वाचली किती, असं कुणीतरी विचारलं. भाची म्हणाली की इतकी थोडी, की त्यात तुमच्या दारावरचा दिवाही लागणार नाही.

नादगुरू मात्र पाण्यात पडूनही कोरडे राहणाऱ्यांपैकी होते. "म्हणजे यंत्र झोपतं हे बाईंनीही मान्य केलं," ते लोकांना म्हणाले. "नादाने त्याला जागं केलं, एवढंच मी सांगत होतो."

"धुक्यानेही केलं," मी म्हटलं. "त्या धुक्याने कुणा पोरीला शोषक म्हटलं नाही आणि कुणाला घराबाहेर काढायला सांगितलं नाही. तुमच्यापेक्षा धुकं परवडलं."

या वेळी कुणी मला गप्प केलं नाही. नादगुरूंनी खणातली पेटी मागून घेतली आणि ते गेले. मला माहीत आहे, त्यांना कुठेतरी दुसरा कॉम्प्युटर मिळेल, दुसरी सिस्टर मिळेल. असल्या माणसांना झोपलेलं कार्ड लागतं आणि न तपासणारी गर्दी लागते. दोन्हींना तोटा नाही.

लोक पांगले. थोरल्या सिस्टर धाकट्यांपाशी येऊन काहीतरी बोलायचं म्हणून उभ्या राहिल्या आणि तशाच निघून गेल्या. बचतराव पिशवी घेऊन आले, ती त्यांनी स्वतः उचलून टेबलाखाली ठेवली आणि, तुम्ही राहा, एवढंच म्हणाले. माफीच्या बाबतीतही त्यांनी बचतच केली. सिस्टरांनी मान हलवली. मला वाटलं आता त्या हसतील. त्या माझ्या खुर्चीशी येऊन खाली बसल्या आणि त्यांचा बांध फुटला.

"बाई, माझी मुलगी अजून बोलायलाही लागली नाही," त्या म्हणाल्या. "आजोबा पडले त्या दिवसापासून मी तिला उचललं नाही. सासूबाईंना सांगितलं, मला दमायला होतं, तुम्हीच घ्या. ती हात पसरते आणि मी लांब होते. म्हटलं, आपल्यातच काही वाईट असलं तर तिला नको लागायला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जा, आज लवकर जा, घंटेकडे आम्ही बघतो. भाची टेबलाशी बसली. सिस्टर निघाल्या त्या चालत नव्हत्या, पळत होत्या.

देव मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. मी मागते ते एवढंच. एखादी गोष्ट बिघडली आणि कुणी एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं, तर मान हलवण्याआधी एक गोष्ट बदलून बघा, बाकीच्या तशाच ठेवा, आणि पुन्हा बघा. पहिल्यांदा चुकाल. मीही चुकले, भर गर्दीत चुकले. चूक कबूल करा आणि पुन्हा बघा. त्याला ना पांढरा कोट लागतो ना मोठी पदवी, बाराचा पाढा येत असला तरी पुरतं. चमत्कार दिसला तर हवं तर टाळ्या वाजवा, पण त्या टाळ्यांनी कुण्या आईच्या कडेवरचं मूल खाली उतरणार नाही ना, एवढं आधी तपासा.